थरथर कधी येते, ते आधी लिहून ठेवा

गाडीत मधूनच येणारी थरथर मालकालाही छळते आणि मेकॅनिकलाही. तेलाची गळती दाखवता येते, फुटलेला सायलेन्सर ऐकवता येतो. ही थरथर मात्र शनिवारी महामार्गावर हात बधिर करते आणि सोमवारी गॅरेजच्या दारात नाहीशी होते. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, ‘साहेब, काहीच नाही.’ दुसऱ्या खेपेला काहीतरी करायचं म्हणून अलाइनमेंट होतं, तिसऱ्या खेपेला इंजिनाची माउंटिंग बदलतात, चौथ्या खेपेला एक्सलवर संशय जातो. पैसे जातात, थरथर राहते.

असं होतं, कारण भाग आधी बदलले जातात आणि निरीक्षण मागे राहतं. खरं तर ‘कधीतरी येणारी’ थरथर एका ठरावीक परिस्थितीत हमखास येत असते. ती परिस्थिती ओळखली की निम्मं निदान झालं. आणि ती ओळखू शकतो तो गाडी रोज चालवणारा माणूस. दहा मिनिटांच्या चकरीत मेकॅनिकला ती सापडावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मात्र काही थरथरी निरीक्षणासाठी नसतात. नुकतंच पंक्चर काढलं असेल किंवा चाक काढून बसवलं असेल आणि गाडी हादरू लागली, तर लगेच बाजूला घ्या आणि नट तपासा. ढिला नट पुढच्या काही किलोमीटरांत चाक निखळवू शकतो. टायरच्या बाजूला फुगा दिसला, किंवा अगदी कमी वेगातही गाडी लंगडल्यासारखी वरखाली होऊ लागली, तर आतले पट्टे सुटत असण्याची शक्यता असते. असा टायर वेगात फुटतो. स्टेपनी लावा आणि तो टायर परत वापरू नका. खड्ड्यात जोरात आदळल्यानंतर स्टेअरिंग सैल वाटत असेल किंवा ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या. आणि इंजिन हादरत असताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. वेग कमी करा आणि थांबा.

हे धोके नसतील तर एक छोटी वही गाडीत ठेवा. फोनवर आवाजात नोंद केली तरी चालेल. चालवताना टाइप मात्र करू नका, शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा. प्रत्येक वेळी नोंदायचं ते एवढंच: वेग किती, इंजिनाचे फेरे किती, गिअर कोणता, पाय कशावर होता, गाडी सुरू करून किती वेळ झाला होता, एसी चालू होता का, किती माणसं होती, रस्ता कसा होता आणि थरथर कुठे जाणवली. आठवडाभरात या नोंदींमधून एक धागा वर येतो.

त्यातला पहिला प्रश्न असा, की थरथर गाडीच्या वेगाला बांधलेली आहे, इंजिनाच्या फेऱ्यांना, की तुमच्या एखाद्या कृतीला? याचं उत्तर मिळवायला गॅरेज लागत नाही. मोकळा, सपाट रस्ता बघा. समजा ८० च्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये थरथर येते. तोच वेग धरून चौथा टाका. इंजिनाचे फेरे वाढले, पण थरथर जशीच्या तशी राहिली, तर दोष चाकं, टायर, हब किंवा एक्सल यांच्याकडे आहे. थरथर बदलली किंवा गेली, तर इंजिनाकडे बघायचं. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड वापरून हेच करता येतं. उलटी परीक्षाही घ्या. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे हळूहळू तीन हजारांपर्यंत न्या. उभ्या गाडीतही तीच थरथर आली, तर चाकांचा त्यात काही संबंध नाही. काही जण उतारावर न्यूट्रल टाकून बघायला सांगतात. घाटात हे कधीही करू नका. तिथे इंजिनाचा रोध सोडून दिला की सगळा भार ब्रेकवर येतो.

थरथर वेगाला बांधलेली निघाली, तर चाकांपासूनच सुरुवात करा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो आणि तपासही सर्वांत स्वस्त पडतो. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर असतो. ताशी ९० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरतो. चाकावर, रिंगच्या कडेला, ३० ग्रॅम जरी जास्त असलं, तरी ताशी १०० किलोमीटरला ते ३० ग्रॅम साडेचार किलोच्या जोराने चाकाला बाहेर खेचतं आणि सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलतं. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ५० ला काहीच जाणवत नाही. आणि चाक व सस्पेन्शन यांची स्वतःची हलण्याची लय साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा असते. दोन्ही लयी जुळल्या की स्टेअरिंग थरथरतं, वेग आणखी वाढवला की लय सुटते आणि हात शांत होतात. ‘८५ ते १०० मध्ये येते, पुढे जाते’ ही बॅलन्सिंग बिघडल्याची जवळजवळ सही आहे. थरथर टाळण्यासाठी ११० ने गाडी हाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्या वेगाला दोष गेलेला नसतो, उलट बेअरिंग आणि जॉइंटवर जास्त जोर पडत असतो.

थरथर स्टेअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं, सीट आणि जमिनीत असेल तर मागची चाकं, हा ठोकताळा बहुतेकदा बरोबर निघतो. खात्री करायची तर पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे करा. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली सरकली, तर चोर चाकातच आहे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाक त्याच बाजूला ठेवा. स्टेपनी लावून बघत असाल तर तिच्यावर ८० चा वेगमर्यादेचा शिक्का आहे का ते आधी वाचा. अलॉय व्हील असलेल्या अनेक गाड्यांत लहान मापाची स्टेपनी असते आणि तिच्यावर महामार्गाची परीक्षा घेता येत नाही.

आता ‘कधीतरी’चा आपल्याकडचा एक खास प्रकार. पावसाळ्यात गावाकडे जाऊन आलेली गाडी परतीच्या वाटेवर हादरते. शेताच्या वाटेवरचा, कोकणातला असेल तर तांबडा, चिखल रिंगच्या आतल्या बाजूला, एकाच ठिकाणी बसतो आणि वाळून घट्ट होतो. शंभर ग्रॅम चिखल सहज बसतो. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. मालक गाडी सर्व्हिसला देतो, तिथे पहिलं काम धुण्याचं होतं आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यात दोषाचा पुरावाच वाहून जातो. मेकॅनिकला काही सापडत नाही, कारण सापडण्यासारखं काही उरलेलंच नसतं. पुढच्या महिन्यात मालक परत गावी जातो आणि थरथर परत येते. म्हणून कच्च्या रस्त्यावरून आल्यावर चाकाच्या आतून हात फिरवा, चिखल काढा आणि मग महामार्गावर या. गॅरेजमध्ये गाडी देतानाही सांगा की धुण्याआधी चाकं बघा.

बॅलन्सिंग करून घेतानाही समोर उभं राहावं. रिंग आतून साफ झाली का, टायरच्या खाचांतले खडे काढले का, जुनी वजनं काढून मग मोजलं का, आणि वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवून आकडा शून्यावर आला का, एवढं बघा. एखादं चाक खूपच वजन मागत असेल, तर नुसती वजनं चिकटवत जाणं हा उपाय नव्हे. टायर रिंगवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगा. तरीही तेच असेल तर टायर किंवा रिंग खराब आहे. चाक मशीनवर फिरत असताना रिंगच्या कडेकडे आणि टायरच्या माथ्याकडे डोळे लावून बघा. खड्ड्याने वाकलेली रिंग डगमगताना दिसते, अंडाकृती झालेला टायर वरखाली होताना दिसतो. असं चाक वजनाने समतोल होतं, मशीन शून्य दाखवतं आणि रस्त्यावर ते हादरतंच. कारण मशीन वजन मोजतं, आकार मोजत नाही.

इथे अलाइनमेंटबद्दल एक स्पष्ट मत. आपल्याकडे ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ एका दमात म्हणतात, पण ही दोन वेगळी कामं आहेत. अलाइनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकाच कडेने झिजतो. तो वेडावाकडा झिजलेला टायर पुढे थरथरू लागतो, हे खरं. पण मग अलाइनमेंट करून तो टायर सरळ होत नाही. थरथरीची तक्रार घेऊन गेल्यावर कोणी फक्त अलाइनमेंट करून परत पाठवत असेल, तर तुमची तक्रार त्याने ऐकलेली नाही.

महिनाभर उभी राहिलेली गाडी पहिले पंधरा-वीस किलोमीटर धडधडते आणि मग गुळगुळीत होते, तो टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा झाल्याचा परिणाम. टायर गरम झाले की जातो. हवा योग्य ठेवा आणि काळजी करू नका. मात्र जातच नसेल तर टायरचं वय बघा. बाजूवर चार आकडे असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत असूनही रबर म्हातारं झालेलं असू शकतं.

थरथर वेगाची नाही, कृतीची असेल तर काम आणखी सोपं. ब्रेक लावल्यावरच येते? स्टेअरिंगमध्ये आली तर पुढच्या डिस्क, सीटमध्ये आली तर मागचे ब्रेक. ‘डिस्क वाकडी झाली’ असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेकदा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त बसलेला असतो. मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा हा फरक पायाला कळतो. घाट उतरून आल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून टोलनाक्यावर उभं राहिलं की पॅडचा थर एकाच जागी बसतो. म्हणून घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरने उतरा आणि खाली थांबताना शक्य असेल तर पाय सैल सोडा. डिस्क लेथवर घासून घेता येते, पण तिच्यावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याखाली गेली तर बदलायलाच हवी. नट वेडेवाकडे, कमी-जास्त आवळल्यानेही डिस्क हबवर तिरकी बसते. नट नेहमी समोरासमोरच्या जोड्यांनी, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात, हे पंक्चरवाल्याला आवर्जून सांगा. खडीवर जोराचा ब्रेक मारल्यावर पेडल खाली ठकठक करतं, तो मात्र एबीएसचा नेहमीचा चाळा आहे, दोष नाही.

एक फसवा प्रकार: निघताना गाडी उत्तम, वीस मिनिटांनी थरथर, थोडी ओढ, थांबून चहा घेतला की पुन्हा सगळं छान. अडकलेला ब्रेक कॅलिपर असा वागतो. पॅड डिस्कला घासत राहतो, तापतो, थांबल्यावर निवतो. थरथर आली की ब्रेक कमीत कमी वापरत गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, पण लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल आणि जळका वास येत असेल, तर उत्तर मिळालं.

पिकअप घेताना, पाय दाबल्यावरच गाडी आडवी हलल्यासारखी वाटते आणि पाय सोडताच थांबते, तेव्हा एक्सलचा आतला जॉइंट संशयित. पूर्ण वळणावर टकटक आली तर बाहेरचा. चाकामागे वाकून बघा: रबराचं बूट फाटून ग्रीस रिंगच्या आतल्या बाजूला उडालेलं असेल, तर आता बूट बदलून भागेल की जॉइंटही गेला आहे, एवढंच ठरवायचं उरतं. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत खालून जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस बघावे लागतात. हा शाफ्ट चाकापेक्षा कितीतरी जोरात फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक असते. शिवाय मागे माणसं आणि सामान भरलं की गाडी बसते, शाफ्टचा कोन बदलतो आणि झिजलेला क्रॉस बोलू लागतो. ‘एकटा असताना काही नाही, लग्नाला सगळे निघालो की थरथरते’ या तक्रारीला अर्थ आहे. ती हसण्यावारी नेणारा मेकॅनिक बदला.

ऑटोमॅटिक गाडीत ५० ते ८० च्या दरम्यान, हलका पाय ठेवून जाताना, रस्त्यावर रम्बल स्ट्रिप असल्यासारखी काही सेकंद थरथर येते, तेव्हा चाकं तपासण्याआधी गिअरबॉक्सच्या तेलाचा इतिहास विचारा. टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच नीट पकडत नसला की असं होतं. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा चढावर रिव्हर्स घेताना हादरत असेल, तर ते क्लच प्लेटचं काम.

आता इंजिन. उभ्या गाडीत, सिग्नलला थरथर येते. तेव्हा एकेक गोष्ट बदलून बघा. एसी बंद करा. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून ‘डी’मधून न्यूट्रलला या. ‘डी’मध्ये हादरते आणि न्यूट्रलला थांबते, तर माउंटिंगचा रबर बसला असण्याची दाट शक्यता. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो त्याच तालावर येत असेल, तर मंद गतीचे फेरे, कॉम्प्रेसर आणि माउंटिंग या क्रमाने तपासा. बोनेटखाली रेडिएटरचा पंखा लागतो तेवढाच वेळ येत असेल, तर पंख्याचं पातं तुटलेलं आहे का बघा. वाहतुकीत तापल्यावरच पंखा लागतो, म्हणून सकाळी थंड गाडीत मेकॅनिकला हे कधीच दिसणार नाही. तपासताना इंजिन बंद करा. काही गाड्यांत पंखा इंजिन बंद झाल्यावरही फिरतो, तेव्हा तो थांबेपर्यंत हात लांबच ठेवा. तीन सिलिंडरच्या गाड्यांना उभ्या असताना थोडी धडधड जन्मतःच असते. नवी होती तेव्हा होती तेवढीच आहे का, हा खरा प्रश्न.

सीएनजीच्या गाडीवाल्यांकडे एक फुकटची परीक्षा असते. हादरते त्याच क्षणी पेट्रोलवर घ्या. पेट्रोलवर शांत झाली तर गॅसचे इंजेक्टर, फिल्टर आणि दाब बघायचा, पण त्याआधी प्लग बघा. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त जोर लागतो, त्यामुळे अशक्त प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर मिसिंग मारते. पेट्रोलवर तीच कमजोरी काही महिने लपून राहते. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर मिसिंग येत असेल, तर कॉइल आणि तिच्या रबरी टोपीत ओल शिरते आहे. अशा वेळी स्कॅनरवर ‘पी ०३०१’, ‘पी ०३०२’ असे कोड सापडतात आणि शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. दिवा विझला तरी कोड बऱ्याचदा आत साठलेला राहतो. म्हणून बॅटरीची वायर काढून ‘रीसेट’ करू देऊ नका. त्याने साठलेली माहिती पुसली जाते.

ज्यांना मोजायची हौस आहे त्यांनी फोनचा उपयोग करावा. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप फोनमधल्या सेन्सरवरून कंपनांची वारंवारता दाखवतं. फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवा आणि ॲप सहप्रवाशाच्या हाती द्या. ९० ला १३ च्या आसपास शिखर दिसलं, वेग वाढवल्यावर तेही त्याच प्रमाणात सरकलं आणि गिअर बदलून जागचं हललं नाही, तर चाक. इंजिनाचे फेरे २५०० असतील तर क्रँक सेकंदाला सुमारे ४२ वेळा फिरतो, तिथल्या शिखराचा धनी वेगळा. मात्र फोनचा सेन्सर फार जलद कंपनं नीट पकडत नाही, तेवढी मर्यादा ध्यानात ठेवा.

आणि रस्ता विसरू नका. समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर खाचांमुळे टायरचा सूर बदलतो, बारीक गुणगुण जाणवते. डांबरी रस्त्यावर ती पूर्ण गेली तर गाडी निर्दोष असू शकते. गुणगुण वळणावर वाढते-कमी होते आहे का, हे मात्र बघा. डावीकडे वळताना वाढली तर भार उजव्या चाकावर जातो आहे, म्हणजे उजवं बेअरिंग तपासायचं.

हे सगळं केल्यावर गॅरेजमध्ये ‘गाडी व्हायब्रेट होते’ असं सांगू नका. असं सांगा: ‘८५ ते १०० मध्ये स्टेअरिंग डावं-उजवं थरथरतं, ब्रेक न लावता, गिअर बदलून फरक नाही, १०५ ला थांबतं, मागच्या खड्ड्यानंतर सुरू झालं.’ चांगला मेकॅनिक हे ऐकून थेट पुढच्या चाकांकडे जाईल. मग त्याला शेजारी बसवा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, तेवढ्याच भाराने थरथर दाखवा. गाडी स्वतः चालवा, म्हणजे त्याचे कान आणि हात मोकळे राहतील. एका वेळी एकच भाग बदलायला सांगा. दोन भाग एकदम बदलले आणि थरथर गेली, तर कोणत्या भागाने गेली हे कधीच कळत नाही, आणि पैसे दोन्हींचे जातात. काढलेला जुना भाग मागून घ्या. आणि ज्या परिस्थितीत थरथर येत होती, त्याच परिस्थितीत पुन्हा चालवून बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.